राजा नसलेला कोट, देव नसलेले देऊळ: वेल्लोर समजून घेताना

वेल्लोरविषयी तमिळ माणसांत एक जुनी थट्टा प्रचलित आहे. या गावात पाणी नसलेली नदी आहे, झाडे नसलेले डोंगर आहेत, राजा नसलेला किल्ला आहे आणि देव नसलेले देऊळ आहे, असे ते हसत हसत सांगतात. ही यादी कधी कधी पुढेही वाढते. कोटात पोलिसांचे प्रशिक्षण चालत असे म्हणून 'अधिकार नसलेले पोलीस' तीत येतात, आणि त्यापुढची बाब सभ्यपणे लिहिण्यासारखी नाही. पहिल्या चार गोष्टी मात्र नुसत्या थट्टेवारी नेण्याजोग्या नाहीत. त्यांतली प्रत्येक उणीव कशी निर्माण झाली हे बऱ्याच अंशी सांगता येते, आणि ते सांगू लागले की वेल्लोरचा चारशे वर्षांचा गुंतागुंतीचा इतिहास बराचसा सुटा होतो. चौथी गोष्ट तर १९८१ पासून खरीही राहिलेली नाही.

चेन्नईहून बंगळूरकडे जाताना सुमारे १४० किलोमीटरवर, पालार नदीच्या दक्षिण काठी हे शहर वसलेले आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाला ते सहसा दोनच कारणांनी ठाऊक असते. एक म्हणजे १९०० साली आयडा स्कडर या डॉक्टर बाईंनी एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्यातून वाढलेले ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे रुग्णालय, आणि दुसरे म्हणजे १९८४ साली सुरू झालेले अभियांत्रिकीचे महाविद्यालय, ज्याचे आज व्हीआयटी नावाचे मोठे विद्यापीठ झाले आहे. रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकाला एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत एखाददुसरा दिवस मोकळा मिळतो, आणि मग तो रिपोर्टांची पिशवी खोलीवर ठेवून पायीच कोटाकडे निघतो. मीही पहिल्यांदा तसाच निघालो होतो, आणि ज्या डोंगरांकडे मी केवळ उन्हाचा त्रास म्हणून पाहत होतो त्यांतल्या दोघांची नावे मराठी आहेत हे मला त्या दिवशी माहीत नव्हते.

डोंगरांचे आणि नदीचे थोडक्यात सांगतो. शहराभोवतीचे डोंगर म्हणजे ग्रॅनाइटच्या जातीच्या कठीण खडकाचे उघडे कातळ आणि त्यांवर रचल्यासारखे दिसणारे गोलसर धोंडे आहेत; त्यांवर मातीचा थर पातळ असल्याने काटेरी झुडपांपलीकडे फारसे काही उगवत नाही, आणि दिवसभर तापलेला हा कातळ मे महिन्यात संध्याकाळीही गावाला निवू देत नाही. पालार कर्नाटकात नंदीदुर्गाच्या परिसरात उगम पावते, थोडे अंतर आंध्रातून जाते आणि तिचा निम्म्याहून अधिक प्रवाह तमिळनाडूत असतो. तिच्या वरच्या अंगाला तळी, बंधारे आणि विहिरी पूर्वापार आहेत, आणि उरलेले पाणी वाळूखालून वाहते. त्यामुळे पुलावरून पाहणाऱ्याला वर्षातला बहुतेक काळ रुंद, पांढरे वाळवंटच दिसते. तिच्या पाण्याच्या वाटणीचा प्रश्न नवा नाही, कारण मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थान यांच्यात १८९२ साली झालेल्या करारातही पालारचे नाव आहे. अर्थात ही नदी कायमची मेली असे समजणाऱ्यांना तिने २०२१ च्या नोव्हेंबरात दुथडी भरून वाहून उत्तर दिले होते.

आता कोटाकडे वळू. आपल्याकडचा किल्ला म्हटला की डोळ्यांसमोर सह्याद्रीचा कडा येतो, आणि त्यामुळे वेल्लोरचा कोट पहिल्या भेटीत काहीसा निराश करतो, कारण तो सपाट जमिनीवर, भर शहरात, बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हा भुईकोट आहे, आणि त्याचे बळ उंचीत नसून पाण्यात आहे. सुमारे १३३ एकरांच्या जागेभोवती दगडी तटांची दुहेरी ओळ आहे. आतला तट उंच आणि रुंद आहे, तर त्याच्या पायथ्याशी दुसरा ठेंगणा तट, म्हणजे पडकोट, आहे आणि त्यालाच लागून रुंद खंदक आहे. ही रचना मुद्दाम केलेली आहे. शत्रूने खंदक ओलांडलाच तर तो ठेंगण्या तटाशी अडतो आणि त्याच क्षणी वरच्या तटावरील बंदुकांच्या माऱ्यात सापडतो. भुयार खणून सुरुंग लावावा म्हटले, तर खंदकातले पाणी भुयारात शिरते. जवळच्या सूर्यगुंटा नावाच्या तळ्यातून जमिनीखालच्या पाटाने खंदकाला पाणी मिळत असे. मला वाटते, हा कोट पाहायचा असेल तर आधी बाहेरून, खंदकाच्या कडेने अर्धा फेरा मारून पाहावा आणि मगच आत जावे, कारण आत गेल्यावर कचेऱ्या, संग्रहालय आणि हिरवळी यांच्या गर्दीत त्याची मूळ कल्पना हरवते.

हा कोट विजयनगरच्या अखेरच्या पर्वातला, सोळाव्या शतकातला आहे, आणि त्याचे श्रेय सदाशिवरायाच्या काळातील मांडलिक चिन्न बोम्म नायक याला दिले जाते. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला आणि राजधानी उद्ध्वस्त झाली, पण राज्य संपले नाही. ते दक्षिणेकडे सरकत गेले. आधी पेनुकोंडा, मग चंद्रगिरी आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्लोर असा त्या दरबाराचा प्रवास झाला. दुसरा वेंकटपतिराय याने हा कोट लिंगम नायकाकडून घेतला. राजा नसलेल्या या किल्ल्यात एके काळी राजा होता, इतकेच नव्हे तर विजयनगरचा सम्राट होता, हे त्या थट्टेत विसरले जाते.

१६१४ साली वेंकटपती वारला आणि वारसाहक्कावरून याच तटांच्या आत भयंकर प्रकार घडला. जग्गराय नावाच्या सरदाराने नवा राजा दुसरा श्रीरंग याला कुटुंबासह कैद करून ठार केले. त्यातून रामदेव हा राजाचा एक लहान मुलगा तेवढा वाचला, कारण याचम नायडू या निष्ठावान सरदाराने त्याला एका धोब्याकरवी कपड्यांच्या गाठोड्यात घालून कोटाबाहेर काढले, अशी हकीकत त्या काळच्या पोर्तुगीज पाद्र्याने लिहून ठेवली आहे. यातून जे यादवी युद्ध पेटले त्यात तंजावर, मदुरा आणि जिंजीचे नायक ओढले गेले, आणि आधीच खिळखिळे झालेले ते राज्य पुन्हा सावरले नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेल्लोर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले.

इथून पुढची पंचवीस-तीस वर्षे मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहेत. शिवाजी महाराज १६७७ साली कर्नाटकाच्या मोहिमेवर आले तेव्हा मे महिन्यात जिंजी फारसा रक्तपात न होता हाती आली, पण वेल्लोरचा किल्लेदार अब्दुल्लाखान हबशी याने दरवाजे उघडले नाहीत. महाराजांनी वेढा घातला आणि तो चालवण्याचे काम सरदारांवर सोपवून ते पुढे दक्षिणेत गेले. सभासदाने आपल्या बखरीत या कोटाचे जे वर्णन केले आहे त्यात त्याचा विस्मय लपत नाही: खंदकात जिवंत पाणी, पाण्यात दहा हजार सुसरी, आणि तटाच्या फांजीवरून, म्हणजे माथ्यावरच्या वाटेवरून, दोन गाड्या जोडीने जाव्यात इतकी रुंदी. सुसरींची संख्या अर्थातच कुणी मोजलेली नसणार, आणि बखरीतला दहा हजार म्हणजे पुष्कळ असे समजून पुढे जावे. पण तट पाहिल्यावर गाड्यांची गोष्ट मात्र अतिशयोक्तीची वाटत नाही.

असा कोट घ्यायचा कसा, हा प्रश्न होता. खंदकामुळे सुरुंग चालत नव्हता आणि तटाला शिड्या लावणे म्हणजे माणसे वाया घालवणे होते. उरले ते डोंगर. कोटाच्या पूर्वेला, तोफेच्या टप्प्यात येतील असे डोंगर उभे होते, आणि मराठ्यांनी त्यांतल्या दोन डोंगरांवर गड उभारून तिथून कोटाच्या आत मारा करण्याची सोय केली. सह्याद्रीत वाढलेल्या माणसांनी सपाटीवरच्या कोटाला डोंगरावरून वेढावे हे स्वाभाविकच होते. त्या गडांची नावे ठेवली साजरा आणि गोजरा. लाडक्या लेकरांना शोभतील अशी ही नावे चौदा महिने आग ओकणाऱ्या दोन ठाण्यांना कुणी सुचवली असतील, याचे मला अजूनही कौतुक वाटते. १६७८ च्या उन्हाळ्यानंतर, वाटाघाटी होऊन, कोट मराठ्यांच्या हाती आला. पुढच्या शतकात इंग्रज अंमलदारांनी हीच नावे आपापल्या उच्चाराप्रमाणे नकाशांत आणि लष्करी टिपणांत उतरवली, आणि हैदरअलीने १७८० नंतर इंग्रजांच्या ताब्यातील वेल्लोरला वेढा घातला तेव्हा त्यानेही आपला जोर डोंगरावरच्या ठाण्यावरच लावला, कारण कोटाची किल्ली तिथे आहे हे त्यालाही कळले होते.

वेल्लोरचे महत्त्व दुसऱ्यांदा दिसले ते १६८९ साली. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज वेषांतर करून दक्षिणेकडे निघाले आणि वेल्लोरमार्गे जिंजीला पोहोचले. वेल्लोर आपल्या हाती नसते तर जिंजीची ती वाट सुखरूप राहिली असती की नाही, याची शंकाच आहे. २०२५ साली जिंजीचा समावेश मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत झाला. वेल्लोरचे नाव त्यात नाही, पण जिंजी पाहायला जाणाऱ्याने शंभरेक किलोमीटरवरचा हा कोट टाळू नये. वाटेवरच्या आरणीची जहागीर तर वेदाजी भास्करपंतांच्या देशस्थ घराण्याकडे पुढे कित्येक पिढ्या राहिली. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोगलांनी वेल्लोर घेतले, तिथून ते अर्काटच्या नवाबांच्या नात्यागोत्यात गेले आणि अखेर इंग्रजांची फौज आत येऊन बसली.

इंग्रजांनी या कोटाचा उपयोग पराभूत राजघराण्यांना ठेवण्यासाठी केला, आणि 'राजा नसलेला किल्ला' ही थट्टा इथे थोडी क्रूर होते. १७९९ साली श्रीरंगपट्टणात टिपू सुलतान पडल्यावर त्याच्या मुलांना आणि जनान्याला इथे आणले गेले. कोटातील टिपू महाल आणि हैदर महाल ही नावे त्यावरूनच पडली आहेत. १८१५ साली इंग्रजांनी श्रीलंकेतील कँडीचे राज्य बुडवले आणि तिथला शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह यालाही इथेच कैदेत ठेवले. तो १८३२ साली इथे वारला आणि त्याची समाधी कोटाच्या उत्तरेला, पालारच्या काठी, मुत्तुमंडपम या ठिकाणी आहे. तिथे फारसे कुणी जात नाही. श्रीलंकेच्या इतिहासातला शेवटचा राजा या कोरड्या नदीशेजारी विसावला आहे हे कळल्यावर मात्र माणूस तिथे थोडा रेंगाळतो.

या दोन घटनांच्या मध्ये, १० जुलै १८०६ च्या पहाटे, जे घडले त्यामुळे वेल्लोरचे नाव भारतभर झाले. मद्रासच्या फौजेतील शिपायांसाठी नवे नियम आले होते: कपाळावर गंध-भस्म लावायचे नाही, कानांत बाळ्या घालायच्या नाहीत, दाढी काढायची, आणि जुन्या पागोट्याऐवजी चामड्याचा तुरा असलेली, साहेबी टोपीसारखी दिसणारी नवी पगडी घालायची. ज्यांनी मे महिन्यात नकार दिला त्यांना फटक्यांच्या शिक्षा झाल्या. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही एकाच वेळी दुखावणारा हुकूम काढायला विशेष प्रतिभा लागते, आणि ती त्या कचेरीत होती. आदल्याच दिवशी टिपूच्या एका मुलीचे लग्न झाले होते, त्यामुळे कोटात माणसांची वर्दळ होती. मध्यरात्र उलटल्यावर शिपाई उठले, त्यांनी झोपलेल्या गोऱ्या पलटणीवर गोळ्या झाडल्या, शंभराहून अधिक इंग्रज सैनिक आणि अधिकारी मारले आणि तटावर म्हैसूरचे वाघाचे निशाण चढवले.

चौदा महिने दाद न देणारा हा कोट मग काही तासांतच का पडला? कारण बंड आतून झाले होते आणि कोटाची सारी रचना बाहेरच्या शत्रूसाठी होती. शिपायांनी दरवाज्यांचा पुरेसा बंदोबस्त केला नाही, तटाचा एक भाग वाचलेल्या गोऱ्या सैनिकांनी धरून ठेवला, आणि पंचवीस-एक किलोमीटरवरच्या अर्काटहून कर्नल गिलेस्पी घोडदळ घेऊन सकाळीच येऊन थडकला. तो स्वतः दोराने तट चढून वर गेला, पाठोपाठ आलेल्या तोफांनी दरवाजा फोडला, आणि त्यानंतर जी कत्तल झाली तीत शेकडो शिपाई मारले गेले. त्यांतल्या सुमारे शंभरांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. नंतर तो हुकूम मागे घेतला गेला, गव्हर्नर बेंटिंक आणि सरसेनापती क्रॅडॉक दोघांनाही परत बोलावले गेले, आणि टिपूचे कुटुंब कलकत्त्याला हलवले गेले. १८५७ च्या एक्कावन्न वर्षे आधीचा हा उठाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत एका ओळीत आटोपतो. इथे कोटासमोरच्या चौकात त्याचा स्मारकस्तंभ आहे.

देव नसलेल्या देवळाची गोष्ट या सगळ्या लढायांचीच मागची बाजू आहे. कोटाच्या आत जलकंठेश्वराचे शिवमंदिर आहे. इथे पावसाचे पाणी साचत असे आणि त्या पाण्यात वारुळाशी शिवलिंग सापडले, बोम्म नायकाला स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्याने देऊळ बांधले, अशी स्थळकथा आहे. पाण्यात राहणारा देव म्हणून त्याचे हे नाव. युद्धांच्या धामधुमीत विटंबना होऊ नये म्हणून लिंग बाहेर काढून नेले गेले असे सांगतात, आणि ते शहराच्या सत्तुवाचारी भागातल्या एका विनायकाच्या देवळात राहिले. इकडे रिकाम्या देवळाचा उपयोग दारूगोळा ठेवण्यासाठी होऊ लागला. एका अर्थाने त्या दारूगोळ्यानेच कोरीव काम वाचवले, कारण आत कुणाला मोकळे फिरता येत नव्हते.

सात मजली गोपुरातून आत शिरल्यावर डाव्या हाताला कल्याणमंडप लागतो, आणि वेल्लोरमध्ये एकच तास असेल तर तो इथे घालवावा. कल्याणमंडप म्हणजे जिथे उत्सवात देवाचे लग्न लावतात तो मंडप. इथला प्रत्येक खांब एका अखंड शिळेचा आहे, आणि दर्शनी खांबांवर मागच्या पायांवर उभे राहिलेले घोडे आणि यालि, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक पशू, कोरलेले आहेत. खांबाजवळ जाऊन खालून वर पाहावे: घोड्याच्या टापांखाली ढाल धरलेला पायदळाचा माणूस आहे, लगामाचा पट्टा दगडातून सुटा झाला आहे आणि त्याच्या मागून हात घालता येईल इतकी फट आहे. ग्रॅनाइट हा संगमरवरासारखा मऊ दगड नव्हे; छिन्नीचा एक घाव चुकला तर सगळा खांबच वाया. छताच्या मध्यभागी कमळ आहे आणि त्याभोवती उलटे लटकलेले पोपट आहेत. आणखी एका शिल्पात हत्ती आणि बैल यांना मिळून एकच डोके आहे. हत्तीचे धड तळहाताने झाकले तर बैल दिसतो, बैलाचे झाकले तर हत्ती. माझ्या शेजारी उभा असलेला एक लहान मुलगा हे इतक्यांदा करून पाहत होता की शेवटी त्याच्या आजीने त्याला ओढून नेले. हा मंडप इंग्रजांना सुटा करून विलायतेला न्यायचा होता आणि त्यासाठी आलेले जहाज वाटेत बुडाले, ही कथा इथे आवर्जून सांगितली जाते. तिला दंतकथाच म्हणावे, पण मंडप पाहिल्यावर कुणाला तसा मोह झाला असेल यात नवल वाटत नाही.

१६ मार्च १९८१ रोजी लिंग सत्तुवाचारीहून पुन्हा कोटातील गाभाऱ्यात आणून बसवले गेले. यात कायद्याचा एक पेच आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील ज्या वास्तूंत संरक्षणाच्या वेळी पूजा चालू होती तिथे ती चालू राहते. जिथे ती बंद पडलेली होती तिथे नव्याने सुरू होऊ द्यायची नाही, असे या खात्याचे धोरण आहे. वेल्लोरला गावकऱ्यांच्या रेट्याने हे घडून गेले आणि तेव्हापासून तिथे रोजची पूजा चालते. कोटातील मशीद मात्र आजही नमाजासाठी खुली नाही, तर १८४६ सालच्या चर्चमध्ये प्रार्थना होते. एकाच तटाच्या आत तीन धर्मांच्या तीन वास्तूंना तीन निरनिराळे न्याय लागलेले दिसतात.

शहराबाहेरच्या स्थळांत सर्वाधिक गर्दी असते ती तिरुमलैकोडीच्या श्रीपुरम या सुवर्णमंदिरात. २००७ साली खुल्या झालेल्या या महालक्ष्मीच्या मंदिरावर सुमारे दीड हजार किलो सोने चढवलेले आहे, आणि तारकेच्या आकाराच्या लांबलचक वाटेने चालत तिथे पोहोचावे लागते. संध्याकाळी दिवे लागल्यावर ते झगमगते खरे. माझे मन तिथे फारसे रमले नाही. त्यापेक्षा इतिहासाची आवड असणाऱ्याने मेलपाडीला जावे, जिथे पहिल्या राजराज चोळाने आपला आजा अरिंजय याच्या स्मरणार्थ देऊळ बांधले. जवळच्याच वळ्ळिमलैच्या डोंगरावर मुरुगनाचे देऊळ आहे आणि कातळात कोरलेल्या जैन मूर्तीही आहेत.

पण एकच जागा निवडायची तर मी विरिंजिपुरम निवडेन. ते बंगळूरच्या रस्त्यावर तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. कुठल्या गावाचे काय सुंदर हे सांगणारी एक तमिळ म्हण आहे. तीत तिरुवारूरचा रथ, वेदारण्यमचा दिवा आणि विरिंजिपुरमची भिंत येते, आणि देवळाभोवतीचा तो उंच तट पाहिल्यावर म्हण पटते. इथल्या शिवाचे नाव मार्गबंधु, म्हणजे वाटेवरचा सोबती. मिरी घेऊन निघालेल्या एका व्यापाऱ्याला चोरांपासून राखण्यासाठी देव शिपायाच्या वेषात त्याच्याबरोबर चालला, अशी कथा आहे. प्रवासाला निघताना दक्षिणेत जे मार्गबंधु स्तोत्र म्हणतात ते अप्पय्य दीक्षित या संस्कृत पंडितांचे मानले जाते. आणि हे दीक्षित वेल्लोरच्या त्याच चिन्न बोम्म नायकाच्या आश्रयाला होते. त्यांच्या अडयपालम या गावातील देवळात १५८२ सालचा शिलालेख आहे, आणि त्यात बोम्म नायकाने त्यांना सोन्याने न्हाऊ घातल्याचा उल्लेख आहे. कोट बांधणारा, देऊळ उभारणारा आणि पंडिताला नाण्यांनी अभिषेक करणारा हा माणूस एकच आहे हे लक्षात आले की आजूबाजूची सुटी सुटी वाटणारी ठिकाणे एका घरची होतात.

विरिंजिपुरमच्या आवारात वेळ सांगणारा एक दगडी स्तंभ आहे. त्यावर अर्धवर्तुळ कोरले आहे, त्यात रेघा आणि आकडे आहेत, आणि वरच्या खाचेत काडी धरली की तिची सावली ज्या रेघेवर पडते ती वेळ. वेल्लोरजवळच्या काटपाडी जंक्शनवरून आपली परतीची गाडी संध्याकाळची असेल तर सकाळीच तिथे जावे. मी खाली पडलेली एक वाळकी काडी उचलून खाचेत धरली, सावली दहाच्या रेघेच्या किंचित अलीकडे पडली, आणि आम्हाला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याने खिशातून मोबाइल काढून पाहिला व समाधानाने मान डोलावली.